राज्य कुणावर?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी वाढले. आमचे खेळ दोन भाषांत चालत, गल्लीत हिंदी आणि वाड्याच्या अंगणात मराठी. खेळ तेच, शब्द निराळे. गल्लीत ज्याची पाळी येई तो ‘दाँव’ देई, अंगणात त्याच्यावर ‘राज्य’ येई. दाँव आणि आपला डाव एकाच घरचे, ते लगेच कळे. ‘राज्य’ मात्र हिंदी मैत्रिणींना समजावता येत नसे. जो सगळ्यांच्या मागे धावणार, ज्याला सगळे चिडवणार, जो भिंतीला तोंड करून शंभरापर्यंत मोजणार, त्याच्याकडे राज्य कसं? राज्य ज्यांचं होतं ते शिंदे तर जयविलास राजवाड्यात राहतात!

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे खेळांच्या रचनेबद्दल आणि खेळण्याच्या अर्थाबद्दल जे हाती लागलं ते वाचत गेले, आणि प्रत्येक वेळी त्या अंगणात परत आले.

योहान हॉयझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ लिहिलं, म्हणजे खेळणारा माणूस. संस्कृती आधी आणि खेळ नंतर असं नव्हे, असं त्याचं म्हणणं. न्यायदान, विधी, काव्य, युद्धसुद्धा खेळाच्या मुशीतून घडलं. खेळाची जागा आखलेली असते, वेळ ठरलेली असते आणि तिथे स्वखुशीने जायचं असतं. या माणसाची सुरुवात संस्कृतच्या अभ्यासातून झाली होती. १८९७ सालचा त्याचा प्रबंध संस्कृत नाटकांतल्या विदूषकावर आहे. म्हणून खेळाला कोणत्या भाषेत कोणते शब्द आहेत हे पाहताना तो संस्कृतकडे वळतो आणि क्रीड्, दिव्, लस् हे धातू आणि ‘लीला’ हा शब्द उलगडतो. लस् वरून विलास. इथे ग्वाल्हेरकराला थांबावंच लागतं, कारण आमच्या राजवाड्याच्या नावातच तो खेळ आहे.

जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेला हा वाडा पाहायला लोक जातात ते दरबार हॉलमधल्या दोन प्रचंड झुंबरांसाठी. आम्हा मुलांना ओढ होती ती मेजवानीच्या टेबलाची. लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. जयाजीरावांचे पुत्र माधवराव शिंदे यांना आगगाड्यांचं वेड होतं. त्यांच्याच काळात दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभी राहिली आणि ग्वाल्हेर ते श्योपूर असा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग गावोगावच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. २०२० साली ती गाडी थांबली. एका राजाच्या हौसेतून एवढं निघालं, याचा मला अभिमान आहे.

पण टेबलावरची ती गाडी खेळ नव्हे. ते खेळणं आहे. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले ते बरं केलं. खेळण्यात कुणावर राज्य येत नाही. पाहुणा सुरई उचलतो, गाडी थांबते, आणि कोण यजमान नि कोण पाहुणा हे टेबलावर बसताना होतं तसंच उठताना राहतं.

खेळाला आधी अडचण लागते. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात हेच मांडलं: ज्यांची गरज नाही असे अडथळे आपण आपखुशीने पत्करतो आणि ते ओलांडायला धडपडतो, तो खेळ. याचा पुरावा आमच्या गावातच आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी रूपसिंह मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं ते पहिलं द्विशतक. आदला उच्चांक १९४ होता. एका संघाला ३०० चेंडू, एवढी एकच भिंत काढून टाका, त्या दोनशे धावांत काय उरेल? कसोटीत दोनशे कितीतरी जणांनी केल्या होत्या. सचिनने त्या १४७ चेंडूंत केल्या. ग्वाल्हेरच्या त्या संध्याकाळचं सगळं मोल त्या कुंपणाने दिलेलं आहे.

तरीही अडचण पुरेशी नाही. रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांच्या जाती लावल्या. त्यातलं मला पटलेलं एवढंच, की चुरस आणि नशीब हे दोन्ही प्रकार, वेगवेगळ्या वाटांनी का होईना, व्यवहारात न मिळणारी बरोबरी उभी करतात. प्रेमचंदांची ‘गुल्ली-डंडा’ ही कथा याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. इंजिनियर झालेला नायक लहानपणच्या गावी येतो आणि गया या जुन्या सवंगड्याबरोबर पुन्हा गुल्ली-डंडा खेळतो. तो लबाड्या करतो, गया निमूट मान्य करतो. दुसऱ्या दिवशी इतरांबरोबर खेळणारा गया पाहिल्यावर त्याच्या लक्षात येतं, की काल गया खेळतच नव्हता. साहेबाला खेळवत होता. अधिकार मध्ये आला आणि भिडू हरवला. विटी-दांडूवर मी वाचलेलं यापेक्षा खरं काही नाही.

आता अंगणात येते. खेळ रचणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते मराठी पोरांनी शब्दांतच सोडवून ठेवलेत. सुरुवात चकण्याने. तळहात पुढे करायचे, ज्याचा वेगळा पडला तो सुटला, शेवटी उरला त्याच्यावर राज्य. मोठा, श्रीमंत, ज्याची बॅट तो, कुणालाच सूट नाही. धाप लागली, ठेच लागली, तर ‘टाइमप्लीज’, आणि जग थांबतं. धाकटं भावंड हट्ट धरतं तर ते लिंबूटिंबू. पळेल, ओरडेल, पण बाद होणार नाही. दुबळ्याला बाहेर न काढता खेळही न बिघडवण्याची इतकी माणुसकीची युक्ती मला कुठल्या शास्त्रात सापडली नाही. हरल्यावर जो भांडतो त्याचा रडीचा डाव, ही शिक्षा पुरते.

डबा ऐसपैस आठवा. ज्याच्यावर राज्य त्याने लपलेल्यांपैकी एकाचं नाव चुकवलं, किंवा कुणी त्याची नजर चुकवून डबा उडवला, की पुन्हा त्याच्यावरच राज्य. अशाने सगळ्यांत हळू धावणारं मूल संध्याकाळभर पिचतं आणि शेवटी रडत घरी जातं. आमच्या अंगणात तिसऱ्यांदा राज्य आलं की पुन्हा चकायचं, असा कायदा झाला होता. तो कुणी मोठ्याने घालून दिलेला नव्हता. एकजण गेला तर उरलेल्यांचाही डाव मोडतो, हे सात-आठ वर्षांच्या मुलांना कळलं होतं.

तेव्हा मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर मला आता असं दिसतं. खेळातलं राज्य फिरतं, म्हणूनच ते राज्य. आज तुझ्यावर, थोड्या वेळाने माझ्यावर. जो नियम हे फिरणं चालू ठेवतो तो चांगला, जो अडवतो तो वाईट. खेळाच्या रचनेची माझ्यापुरती हीच कसोटी.

मोबाइलवरचे बरेच खेळ या कसोटीला उतरत नाहीत. भिडूंबरोबर खेळायचे चांगले खेळ आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांत रोज हजेरी लावली नाही तर साखळी तुटते, ज्यांत पातळ्या संपतच नाहीत, पैसे भरले की अडथळा दूर होतो, तिथे राज्य कायमचं मुलावर आहे आणि ते उतरवून घ्यायला समोर कुणी नाही. टाइमप्लीज म्हणायची सोय नाही. दिवेलागणीला आईची हाक आली आणि डाव मोडला, असा शेवटही नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झालं. पण पैसा न लावताही मूल अडकतं, आणि तिथे कायदा पोचत नाही. तिथे आपण लागतो.

या दिवाळीत घरी पाहुणे येतील, चुलत-मामे भावंडं जमतील. मुलांनी अंगणात किंवा गच्चीवर बोलावलं तर जा. त्यांच्यात हात पुढे करून चका. राज्य आलं तर घ्या, आणि मुलं खूश व्हावीत म्हणून मुद्दाम हरू नका.