चौथे ऋण

14 सप्टेंबर 2015. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात दुपारचे बारा वाजायला थोडाच अवकाश होता. माक्स प्लांक संस्थेच्या गुरुत्वीय भौतिकीच्या शाखेत मार्को द्रागो हे तरुण इटालियन संशोधक आपल्या टेबलाशी बसले होते. तेवढ्यात संगणकाने आपोआप धाडलेला एक ईमेल आला. अमेरिकेत लुइझियाना आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर असलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या दोन यंत्रांनी जवळजवळ एकाच क्षणी एक थरथर टिपली होती. आलेख इतका स्वच्छ होता की द्रागोंना आधी शंकाच आली. संशोधकांची परीक्षा पाहण्यासाठी असे खोटे संकेत मुद्दाम पेरण्याची तिथे पद्धत होती. ते सहकारी अँड्र्यू लुंडग्रेन यांच्याकडे गेले. दोघांनी लुइझियानाच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. त्या दिवशी कुणीच काही पेरले नव्हते.

सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्याची खूण माणसांपैकी प्रथम पाहिली ती जर्मनीत राहणाऱ्या एका इटालियनाने, अमेरिकेतल्या यंत्रांवर. शोधनिबंधावर हजारावर नावे होती. त्यांत पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातलीही होती. असे संकेत गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणितावर तिथे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करत होते.

मग हा शोध कोणाचा?

इटलीत द्रागोंसारख्यांसाठी एक शब्दप्रयोग रुळला आहे, ‘फूगा देई चेर्वेल्ली’, म्हणजे मेंदूंचे पलायन. पलायन म्हटले की गुन्हा आलाच. जो पळाला त्याने काहीतरी बुडवले, असा आरोप त्या शब्दातच आहे. मराठी घरांना हा आरोप अनोळखी नाही. मुलगा बोस्टनला, सून लेकीला घेऊन त्याच्यापाठोपाठ, आणि इथे कुणीतरी म्हणतेच की देशाने शिकवले आणि फळ परक्यांना गेले. प्रश्न खरा आहे. शिकलेला माणूस ऋणी असतो, यात वाद नाही. तो कोणाचा ऋणी असतो, हे मात्र नीट पाहायला हवे.

आपल्याकडे ऋणांची मोजदाद फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने चौथे जोडले, मनुष्यऋण. ऋषिऋण फेडायचे ते अध्ययनाने. जो अध्ययन करतो त्याला हा ग्रंथ ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हणतो. आणि मनुष्यऋण फेडायचे ते माणसांना राहायला जागा देऊन आणि जेवू घालून. चारांपैकी सर्वांत साधे, हाताने करायचे काम. ज्या समाजाने ही कल्पना मांडली त्यानेच अध्ययनाचा अधिकार मूठभरांपुरता राखून ठेवला, हे विसरता येत नाही. तरीही ही यादी आज वाचताना दोन गोष्टी थांबवतात. एक, तिच्यात राज्यसत्तेचे ऋण नाही. दोन, ऋषिऋणाला गाव नाही, पण मनुष्यऋणाला आहे. आसरा द्यायचा तर तो कुठल्या तरी जमिनीवरच द्यावा लागतो.

इटलीच्या शास्त्रज्ञांची विसाव्या शतकातली कहाणी या दोन ऋणांमध्ये ताणलेली आहे.

1934 साली रोममध्ये, व्हिया पानिस्पेर्ना या रस्त्यावरच्या भौतिकशास्त्र संस्थेत, एन्रिको फेर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी न्यूट्रॉनचे प्रयोग करत होते. राझेत्ती, सेग्रे, आमाल्दी, पोन्तेकोर्वो, सगळे विशी-तिशीतले. जगभरचे विद्यार्थी तिथे येत. त्याच दशकात केंब्रिजला शिकणारे मुंबईचे होमी भाभाही शिष्यवृत्तीवर फेर्मींकडे राहून गेले. चार वर्षांत ते घर मोडले. जुलै 1938मध्ये फॅसिस्ट राजवटीत वंशवादाचा एक जाहीरनामा निघाला आणि त्यावर दहा शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. ठेव्याच्या राखणदारांनीच ठेव्याला कुंपण घातले, ही त्या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. त्या शरद ऋतूत कायदे आले आणि ज्यू प्राध्यापक व विद्यार्थी शाळा-विद्यापीठांतून बाहेर काढले गेले. फेर्मी ज्यू नव्हते, त्यांच्या पत्नी लॉरा होत्या. डिसेंबरमध्ये नोबेल घ्यायला सारे कुटुंब स्टॉकहोमला गेले ते परतलेच नाही. 2 जानेवारी 1939ला न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. सेग्रे उन्हाळ्यात बर्कलीला गेले होते, तिथेच राहिले. पादुआत विश्वकिरणांची प्रयोगशाळा उभारणारे ब्रुनो रॉस्सी यांचीही नोकरी गेली. यांपैकी कुणाविषयी ‘पलायन’ म्हणायचे?

तोरीनोत रिता लेवी-मोंताल्चिनी नुकत्याच डॉक्टर झाल्या होत्या. विद्यापीठाची दारे बंद झाल्यावर थोडे दिवस ब्रुसेल्समध्ये काढून त्या घरी परतल्या आणि झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रे केली, आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर मज्जापेशींचा अभ्यास चालू ठेवला. नोकरीवरून काढलेले त्यांचे गुरू जुझेप्पे लेवी त्याच खोलीत मदतनीस म्हणून येऊन बसत. बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर सारे बिऱ्हाड आस्तीजवळच्या खेड्यात हलले, तिथे त्या शेतकऱ्यांकडून अंडी मिळवत. ज्यू लेखकांचे निबंध इटलीतली नियतकालिके छापत नव्हती. या अभ्यासावरचा त्यांचा निबंध बेल्जियममध्ये छापून आला. तो अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी वाचला. हे हॅम्बर्गर स्वतः जर्मनीतून तोडले गेलेले. 1933 साली शिकागोत असतानाच नाझींनी त्यांची जागा काढून घेतली होती. युद्ध संपल्यावर त्यांनी या बाईंना बोलावले. 1947 साली त्या काही महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि तीस वर्षे राहिल्या.

इथे क्रम पाहण्यासारखा आहे. माणूस सीमेवर अडला, निबंध पुढे गेला, आणि निबंधाने मागाहून माणसासाठी घर शोधले. एका निर्वासिताने दुसऱ्या देशीच्या निर्वासित बाईला जागा दिली. शतपथकारांचे चौथे ऋण फेडले जाणे याहून वेगळे काय असेल? मज्जापेशींची वाढ घडवणारा घटक सापडला तोही असाच, अनेक घरांत हिंडून: ट्यूमर असलेले उंदीर सोबत घेऊन लेवी-मोंताल्चिनी रिओ दि जानेरोला गेल्या, कारण ऊती-संवर्धनाची सोय तिथे एका जुन्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत होती. 1986चे नोबेल त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर मिळाले. त्याच्या बऱ्याच आधी, 1960च्या दशकात, त्यांनी रोममध्ये प्रयोगशाळा उघडली होती, ज्या देशाने त्यांना बाहेर काढले त्याच्याच राजधानीत. ते कायद्याने त्यांच्याकडून मागता आले नसते.

जुझेप्पे लेवींच्या वर्गात तीन भावी नोबेल विजेते शिकले: लुरिया, दुल्बेक्को आणि लेवी-मोंताल्चिनी. तिघांनाही नोबेल मिळाले ते इटलीबाहेर केलेल्या कामासाठी. गुरूचे ऋण फिटले, यात शंका नाही. राज्याचे? राज्याने गुरूलाही घरी बसवले होते.

पण ऋषिऋण म्हटले की सारे पवित्र होत नाही, आणि याची साक्ष त्याच रोमच्या गटात आहे. फेर्मींनी 2 डिसेंबर 1942ला शिकागोत पहिली नियंत्रित शृंखला-अभिक्रिया घडवली आणि पुढे ते बॉम्बच्या कामात राहिले. फ्रांको राझेत्ती क्विबेकच्या लावाल विद्यापीठात होते. त्यांनाही बोलावणे आले. त्यांनी नकार दिला, कारण हे ज्ञान माणसे मारण्यासाठी वापरले जाणार होते. नुसता नकार देऊन ते थांबले नाहीत. हळूहळू भौतिकशास्त्रच त्यांनी बाजूला ठेवले आणि कँब्रियन काळातल्या ट्रायलोबाइटांचे जीवाश्म व आल्प्सच्या डोंगरफुलांचा अभ्यास धरला. दोन्ही विषयांत ते मान्यवर झाले आणि शंभर वर्षे जगले. जो ठेवा राखायचा तो कुणाच्या हातात द्यायचा, हे ठरवणे राखणदाराच्याच कामात येते, असे राझेत्तींच्या आयुष्याकडे पाहून वाटते. मात्र हा निर्णय त्यांना घेता आला तो आसरा देणारे क्विबेक पायाखाली होते म्हणून.

ब्रुनो पोन्तेकोर्वो यांचा मार्ग आणखी वाकडा: पॅरिस, तिथून जर्मन फौजा येताना सुटका, ओक्लाहोमात तेलविहिरींचे काम, कॅनडा, इंग्लंड, आणि 1950 साली इटलीत सुट्टीवर असताना सहकुटुंब अचानक सोव्हिएत संघात. उरलेले आयुष्य दुब्ना या विज्ञाननगरीत गेले. न्यूट्रिनो कण वाटेत रूप पालटत असावेत ही कल्पना त्यांनी तिथे मांडली. पुढे जपान आणि कॅनडातल्या भूमिगत प्रयोगांनी ती खरी ठरवली. 1993मध्ये ते वारले. त्यांची निम्मी रक्षा दुब्नात आहे, निम्मी रोममध्ये.

जे राहिले त्यांचे काय? एदोआर्दो आमाल्दी रोममध्येच राहिले. मित्र पांगले, युद्ध डोक्यावरून गेले, आणि त्यानंतर या माणसाने ठरवले की एकट्या देशाला पुन्हा जमणार नाही ते युरोपने मिळून करावे. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था 1954 साली अस्तित्वात आली. तिच्या घडणीच्या वर्षांत आमाल्दी सरचिटणीस होते. लष्करी कामाशी संबंध नको आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले, हे तिच्या करारातच लिहिले गेले. 4 जुलै 2012ला हिग्ज कणाची वार्ता सांगणाऱ्यांत फाबिओला जानोत्ती होत्या, ज्या पुढे त्या संस्थेच्या महासंचालक झाल्या. मोडलेल्या घराच्या जागी आमाल्दींनी धर्मशाळा बांधली, असे म्हणता येईल, आणि धर्मशाळा हा शब्द इथे पूर्ण मानाने वापरला आहे.

अशीच एक धर्मशाळा खुद्द इटलीत आहे. पाकिस्तानचे अब्दुस सलाम 1954मध्ये लाहोर सोडून केंब्रिजला गेले, कारण मायदेशी राहून संशोधन करायचे तर जगापासून तुटावे लागत होते. देश की विज्ञान, ही निवड पुढच्या कुणाला करावी लागू नये म्हणून त्यांनी 1964 साली त्रिएस्तेला सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. तिथले पाओलो बुदिनिच त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. गरीब देशांतल्या संशोधकांनी काही आठवडे-महिने यावे, वाचावे, भांडावे, ताजे होऊन आपल्या देशी परतावे, अशी तिथली रीत. सलाम अहमदिया होते. 1974 साली त्यांच्या देशाने त्यांच्या पंथाला मुस्लिम मानायचे नाकारले. 1979मध्ये नोबेल घेताना ते पाकिस्तानी नागरिकच होते. 1938च्या इटलीने जे आपल्या माणसांना दिले नाही ते 1964च्या इटलीने परक्यांना दिले. फेड अशीही होते, उशिरा आणि दुसऱ्याच दारात.

आजचा इटालियन संशोधक छळामुळे जात नाही. तो जातो कारण वर्षावर्षाच्या करारांवर पस्तिशी उलटते. परत येणाऱ्यांसाठी सरकारने 2010 साली उत्पन्नाचा 90 टक्के भाग काही वर्षे करमुक्त केला. त्याचा उपयोग झाला असेल, पण ऋणाची जुनी यादी हातात धरली तर ही सवलत चुकीच्या ओळीत लिहिली आहे असे दिसते. राहायला जागा याचा अर्थ इथे टेबल, उपकरणे, विद्यार्थी आणि उद्याही हे सारे असेल ही खात्री. ज्याने ती दिली नाही त्याला परत ये म्हणण्याचा हक्क उरतो का?

भूमी मात्र विज्ञानाला लागतेच, हे जाक्कोनींच्या गोष्टीतून कळते. रिक्कार्दो जाक्कोनी 1956 साली मिलानहून अमेरिकेला गेले, आणि रॉस्सींनी सुचवलेल्या वाटेने क्ष-किरणांत आकाश पाहू लागले. त्यांचा उपग्रह 12 डिसेंबर 1970ला उडाला तो केनियाच्या किनाऱ्याजवळ इटलीने समुद्रात उभारलेल्या तळावरून. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा जोर सर्वाधिक मिळतो. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता. उपग्रहाला स्वाहिलीत नाव मिळाले ‘उहुरू’, स्वातंत्र्य. अमेरिकेचा पैसा, इटलीचा तळ, आफ्रिकेचे पाणी. यांतले एक काढा, उड्डाण होत नाही.

17 ऑगस्ट 2017ला तेच वेगळ्या रूपात दिसले. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर लायगोच्या दोन्ही यंत्रांत ठळक उमटली आणि पिसाजवळच्या व्हर्गो यंत्रात जेमतेम. व्हर्गोला जवळजवळ दिसले नाही, म्हणजे घटना त्याच्या आंधळ्या कोपऱ्यात घडली होती. त्या न दिसण्यावरूनच आकाशातली जागा आवळत आणता आली आणि दुर्बिणी तिकडे वळल्या. म्हणून आणखी एक यंत्र पृथ्वीच्या या बाजूला हवे. ते हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्राने सुमारे 2,600 कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा मराठवाड्याच्या रानात पसरतील.

त्याच औंढ्याच्या देवळात, कथा सांगते, नामदेवांना विसोबा खेचर भेटले. म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजला होता. नामदेव रागावले, तेव्हा तो म्हणाला की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. पंढरपूर सोडून ज्यांना करमत नव्हते ते नामदेव पुढे पंजाबात घुमानला पोचले आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात गेली. ते पंढरीचे ऋण बुडवून गेले, असे कुठला वारकरी म्हणेल? त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी मानतात आणि घुमानलाही मानतात. द्रागोंचा आलेख आला त्याच 2015च्या एप्रिलमध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले होते, आणि तिथल्या शीख घरांनी महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना आपल्याकडे उतरवून घेऊन जेवू घातले होते.

औंढ्याचे यंत्र चालू होईल तेव्हा हॅनोव्हर, पिसा आणि लुइझियानाची माणसे महिनोन्‌महिने हिंगोलीत येऊन राहतील. त्यांच्यासाठी खोल्या लागतील, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसायला वसमत-कळमनुरीची मुले लागतील, ज्यांतली काही नंतर पिसाजवळच्या काशिनाला व्हर्गोच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळी करायला निघून जातील.