औषधाने ओसरलेली तृष्णा

वजन घटवण्यासाठी २०२५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या दोन इंजेक्शनांनी, मार्चमध्ये आलेल्या 'मौंजारो'ने आणि जूनमध्ये आलेल्या 'वेगोव्ही'ने, वैद्यकाइतकेच धर्मविचारालाही कोड्यात टाकले आहे. जेवणानंतर आतड्यातील काही पेशी 'जीएलपी-१' हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप पोहोचवणारे द्रव्य, सोडतात. ते काही मिनिटांतच नष्ट होते, पण त्याच्याच धर्तीवर बनवलेले 'वेगोव्ही'तील सेमाग्लुटाइड शरीरात आठवडाभर टिकते आणि म्हणून पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली आठवड्यातून एकदाच टोचावे लागते. त्याने जठर सावकाश रिकामे होते, तृप्ती लवकर येते. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी केंद्रे मेंदूत सुखाची अपेक्षा जागवणाऱ्या भागातही आहेत, आणि बहुधा त्यामुळेच, भूक कमी व्हावी म्हणून औषध घेणाऱ्या अनेकांना संध्याकाळच्या पेल्याचीही ओढ उरली नसल्याचे जाणवू लागले.

हा अनुभव पुढे प्रयोगाने तपासला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'जामा सायकिॲट्री' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मद्यासक्तीचा विकार असलेल्या ४८ प्रौढांपैकी काहींना नऊ आठवडे अल्प मात्रेत सेमाग्लुटाइड आणि इतरांना औषधविरहित इंजेक्शन देण्यात आले. औषध घेणाऱ्यांची ओढ कमी झाली आणि पिण्याच्या दिवशी घेतले जाणारे पेलेही घटले. पिण्याच्या दिवसांची संख्या मात्र लक्षणीय घटली नाही. त्याआधी २०२२ मध्ये याच गटातील एक्सेनाटाइड या औषधाची १२७ जणांवर डेन्मार्कमध्ये झालेली चाचणी एकंदरीत निष्फळ ठरली होती आणि लाभ दिसला तो स्थूल व्यक्तींच्या उपगटातच. पुरावा अजून कोवळा आहे, पण तत्त्वचिंतनाला तेवढाही पुरेसा आहे.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना, एकोणसाठाव्या श्लोकात हाच विषय येतो. आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांचा रस, म्हणजे मनातली गोडी, मागे उरते, आणि ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानंतरच निवृत्त होते, असा त्या श्लोकाचा आशय आहे. यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी वरवरची पालवी खुडून मुळाशी पाणी घालत राहिल्यास झाड मरत नाही, उलट अधिकच फोफावते, असा दृष्टांत दिला; आणि इतर इंद्रियांचे विषय तोडता येतात, पण रसनेवर हट्ट चालत नाही, कारण अन्नावाचून जगणेच घडत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. उपवासाचा महिमा सांगणाऱ्या परंपरेतच उपवासाची मर्यादा इतक्या स्वच्छपणे मांडली गेली, ही मराठी विचाराची मोठीच मिळकत आहे.

नव्या औषधाने हा क्रम उलटा केला आहे. मुंबईच्या गोरेगाव स्थानकात लोकलमधून उतरणाऱ्या नोकरदाराच्या वाटेवरचा बार तिथेच असतो, टेबलावरचा चकना आणि सोबतीही तेच असतात, म्हणजे विषय जागच्या जागी राहतात. आणि ज्याला परतत्त्वाचे दर्शन घडलेले नाही, अशाच माणसाच्या मनातली गोडी ओसरते. बौद्ध परिभाषेत बोलायचे तर स्पर्शातून वेदना, म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, आणि वेदनेतून तृष्णा उपजते. या साखळीतील शेवटचा दुवा इथे ध्यानाऐवजी सुईने सैल होतो.

याला वैराग्य म्हणता येईल काय? म्हणता येणार नाही, कारण वैराग्यात विवेक गृहीत आहे आणि औषध विवेक शिकवत नाही. वजनाच्या बाबतीत तर औषध थांबल्यावर भूक परतते आणि घटलेल्या वजनाचा बराचसा भाग पुन्हा चढतो. परंतु एवढ्यावरून अशा मद्यत्यागाला हलका लेखणारे एक महत्त्वाची गोष्ट विसरतात. तुळशीची माळ घालताना वारकरी मद्य-मांस सोडण्याचा नेम घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्याला जन्मतःच दारूची ओढ नाही, त्याला हा नेम पाळताना काहीच कष्ट पडत नाहीत, तरी त्याची माळ कोणी खोटी ठरवत नाही. मग ज्याची ओढ औषधाने कमी झाली, त्याच्याच नेमाला कमी का मोजावे? नेमाचे मोल दिलेला शब्द पाळण्यात असते. शब्द पाळताना किती तळमळ सोसली, यावरून ते ठरत नाही. ओढीचे ओझे सर्वांना सारखे मिळत नाही, आणि ज्याच्या वाट्याला ते अधिक आले त्याला 'मनाने दुबळा' म्हणणे हा धर्माच्या नावाने केलेला अन्याय आहे.

सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत पेले घटले पण पिण्याचे दिवस फारसे घटले नाहीत, याचा अर्थही इथेच लागतो. तहान शरीराची होती, ती औषधाने शमली; संध्याकाळ मात्र सवयीची, एकटेपणाची आणि मित्रमंडळींची होती, तिच्यावर औषधाचा अंमल चालला नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी समुपदेशन, दिनक्रम आणि कुटुंबाचा सहभाग यांवर जो भर असतो, तो या रिकाम्या संध्याकाळसाठीच आहे. औषध अवकाश देईल. तो भरण्याचे काम माणसाचे आणि त्याच्या माणसांचे राहील.

आणखी एक प्रश्न न्यायाचा आहे. गोरेगावच्या पुढच्याच स्थानकाच्या हद्दीत, मालाडच्या मालवणीत, जून २०१५ मध्ये मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक कष्टकरी होते. 'मौंजारो'च्या सर्वांत कमी मात्रेच्या एका आठवड्याच्या कुपीची किंमत बाजारात येताना ३,५०० रुपये होती. ज्यांची तृष्णा सर्वांत महाग पडते, त्यांनाच तिच्यावरचा हा उपाय परवडत नाही, आणि ही स्थिती बदलणे हे करुणेचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक संप्रदायाचे काम आहे.

तूर्त ही औषधे मद्यासक्तीवरील उपचार म्हणून मान्य झालेली नाहीत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती कोणीही घेऊ नयेत. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून घरच्यांनी शपथा घालण्याआधी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.