जतन आणि आस्वाद : एका बाटलीच्या निमित्ताने

जी वस्तू आस्वादातच संपते, तिचे जतन करणे हा तिचा आदर की तिच्याशी केलेली प्रतारणा? हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे, तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. त्याच्या विचारासाठी प्रस्तुत लेखात एक टोकाचे उदाहरण घेतले आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे सदबीज्‌च्या लिलावात रोमाने-कोंती या फ्रेंच तांबड्या वाइनची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरना विकली गेली. बरगंडीतील हा द्राक्षमळा दोन हेक्टरांहूनही लहान. त्या वर्षीचे उत्पादन सुमारे ६०० बाटल्यांचे. त्यानंतर तेथील कलम न केलेल्या जुन्या वेली उपटण्यात आल्या आणि नव्या वेलींची पहिली वाइन निघाली ती १९५२ सालची. म्हणजे ही केवळ जुनी वाइन नव्हे. आज अस्तित्वात नसलेल्या वेलींचा तो अखेरचा रस आहे.

काळ अशा वाइनवर दुहेरी संस्कार करतो. तिचा तुरटपणा निवत जातो, गाळ तळाशी बसतो, रंग विटकरी होतो, गंधाला नवे पदर येतात. परंतु तोच काळ पुढे तिला निःसत्त्वही करतो. परिपक्वतेची वेळ बाहेरून निश्चित कळत नाही; ती कळते बूच काढल्यावरच. न उघडलेल्या बाटलीच्या खरेखोटेपणाचा निवाडाही लेबल, बूच आणि कागदपत्रे यांवरच करावा लागतो. बनावट दुर्मिळ वाइन विकल्याबद्दल रूडी कुर्नियावान याला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले, ते या व्यवहाराचे मर्म उघड करणारे आहे. येथे किंमत रसाची नसून, रस असल्याच्या विश्वासाची आहे.

कांटने १७९० च्या ग्रंथात कॅनरी बेटांवरील वाइनचा दाखला देऊन सुखद आणि सुंदर यांत भेद केला : वाइन मला सुखद वाटते, एवढेच म्हणता येते, सर्वांच्या संमतीची अपेक्षा तेथे धरता येत नाही. आपल्या काव्यशास्त्राने मात्र रसप्रक्रिया समजावताना पेयाचाच दृष्टांत घेतला. पानकरसाची चव जशी त्यातील घटकांहून निराळी, तसा रस विभावादींहून निराळा. आणि चर्वणा चालू असते तोवरच त्याचे अस्तित्व. ही भूमिका स्वीकारली, तर बंद बाटलीत रस नाही, रसाची केवळ शक्यता आहे असे म्हणावे लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. पहूरवरून अजिंठ्याकडे जाणाऱ्या अभ्यासकाला तो चटकन सुचेल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पेहरावातील माणसे मद्यपान करताना रंगवलेली आहेत. त्यांच्या पात्रातील मद्य शतकानुशतके संपलेले नाही. पण ते पाहणाऱ्यांच्या श्वासातील बाष्पाने आणि प्रकाशाने चित्रांना धोका पोहोचतो. म्हणून दर्शनावर मर्यादा घालावी लागते. म्हणजे पाहणे हेही थोडे थोडे पिणेच ठरते. मग तेथील जतनालाही प्रतारणा म्हणायचे काय?

तसे म्हणता येणार नाही, कारण दोन्ही जतनांचे प्रयोजन भिन्न आहे. लेण्यात आजच्या दर्शकाला संयम सांगितला जातो, तो उद्याच्या दर्शकासाठी. तळघरातील बाटली परिपक्व होईपर्यंत राखणे हेही त्याच जातीचे जतन होय. मात्र ती एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे केवळ वाढत्या किमतीसाठी जात राहते, तेव्हा भावी आस्वादकच नाहीसा होतो. अशा वेळी राखणे हे नष्ट करण्याचेच सावकाश रूप ठरते. बाटली उघडणाऱ्यावरही दायित्व येते. जो रस पुन्हा निर्माण होणार नाही, तो एकट्याने संपवण्याचा हक्क पैशाने मिळाला, तरी त्याचे औचित्य पैशाने सिद्ध होत नाही.

साहित्यकृती वाचल्याने संपत नाही, हे आपले भाग्य. म्हणून तिला बंद ठेवण्याचे समर्थन तर अधिकच दुबळे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, याचा आनंद रास्त आहे. परंतु ज्या प्राचीन ग्रंथांच्या आधारे आपण तो मागितला, ते आपल्या वर्गांत प्रत्यक्ष किती वाचले जातात? त्यांच्या प्राचीनतेचा अभिमान बाळगून त्यांच्या भाषेशी झुंजण्याचे टाळणे म्हणजे लेबल वाचून समाधान मानणे होय. तेथे बूच काढल्याने काहीच कमी होणार नाही. न काढल्याने मात्र वाचकांची एक पिढी रसावाचून राहील.