त्याच्यानं काय भेटते?

भिवापुरात बी.ए. झालेल्या मुलीपुढं रस्ते ठरलेले असतात. बी.एड., पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, नागपुरात खोली करून स्पर्धा परीक्षेची शिकवणी, आणि यातलं काही जमलं नाही तर लग्न. अशा वेळी एखादी म्हणाली, मला विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं आहे, तर घरातून आणि शेजारून एकच प्रश्न येतो: "त्याच्यानं काय भेटते?"

या प्रश्नाच्या पोटात दोन आक्षेप आहेत. एक, या विषयाला नोकरी नाही. दोन, हा आपल्यासारख्यांचा विषय नाही. पोट भरलेल्यांनी, इंग्रजीत वाढलेल्यांनी, पुण्या-मुंबईच्यांनी करायची ती गोष्ट. पहिला आक्षेप बराचसा खरा आहे. दुसरा खोटा आहे, आणि नुकसान त्यानंच जास्त केलं आहे.

आधी खऱ्याचं खरं मान्य करू. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए.नंतर नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते. तेवढं करूनही पूर्णवेळ जागा निघेल याची हमी नाही. ती निघेपर्यंत तासिका तत्त्वावर, तासांच्या हिशेबानं मिळणाऱ्या पैशांत वर्षं काढावी लागतात. ज्या महाविद्यालयात बी.ए.ला हा विषयच नाही, तिथं त्याच्या शिक्षकाची जागा निघण्याचा प्रश्नच येत नाही. यावर या विषयाचे कैवारी घाईनं सांगतात की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक म्हणून घेता येतं आणि त्याचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे. हे समर्थन मला दुबळं वाटतं. परीक्षेत कांट दोन-तीन पानांत बसवायचा असतो. कांट कुठं चुकला असेल हे तपासायला तिथं सवड नसते. तत्त्वज्ञानाला नोकरीच्या दारातून घरात घ्यायचं ठरवलं, तर नोकरी हुकल्याच्या दिवशी त्याला बाहेर काढावं लागेल.

आता दुसरा आक्षेप. भिवापूरच्या शेजारच्या कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी अंभोरा आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा मानला जातो. ग्रंथात वैनगंगेचा आणि अंबानगरीचा उल्लेख येतो, म्हणून विदर्भातले अभ्यासक ती नगरी म्हणजे अंभोरा असं सांगतात. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. या वादाचा निकाल कसाही लागो, मराठीत ग्रंथ लिहिला जाऊ लागला तेव्हा अगदी सुरुवातीलाच कुणीतरी ब्रह्म, माया आणि जीव यांचा विचार या भाषेत मांडला, आणि तो मराठीत आहे म्हणून हलका मानू नका असंही वाचकाला बजावलं. दुसऱ्या बाजूला, भिवापूरहून सहज जाऊन येता येईल अशा पवनीत 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला.

हे सांगून छाती फुगवणं सोपं आहे. तेवढ्यानं अभ्यास होत नाही. अभ्यास पुढच्या पायरीवर सुरू होतो. मुकुंदराज सांगतात, खरं असं एकच आहे आणि ते बदलत नाही. पवनीच्या स्तूपाभोवती जमणारे भिक्षू सांगत होते, न बदलणारं काहीच नाही. हे दोघंही बरोबर असणं कठीण आहे. आपण मात्र 'शेवटी सगळे एकच सांगतात' असं म्हणून दोघांनाही नमस्कार करतो आणि जेवायला जातो. या नमस्कारात आदर आहे, पण ऐकून घेणं नाही. एम.ए.च्या वर्गात हा पळून जायचा रस्ता बंद होतो. जग मिथ्या म्हणता, तर गारपिटीनं झोपलेलं पीक मिथ्या का? नसेल, तर 'मिथ्या' या शब्दानं तुम्ही नेमकं काय नाकारता? आणि काहीच टिकत नसेल, तर केल्या कर्माचं फळ भोगतो तो कोण? या प्रश्नांना वेदान्त्यांनी आणि बौद्धांनी शतकानुशतकं उत्तरं दिली, एकमेकांची उत्तरं खोडली, आणि त्या झटापटीत दोन्ही पक्ष धारदार झाले.

या झटापटीचा एक नियम होता. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीनं सांगायचं, आणि मग खंडन करायचं. चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळपास नष्ट झाले. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः त्यांना खोडणाऱ्यांच्या ग्रंथांतून. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलंच प्रकरण चार्वाकांचं आहे. ते मांडताना हात राखलेला नाही असं मी म्हणणार नाही, पण निदान त्यांना बोलू दिलं आहे. आज गावच्या पारावर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर विरोधकाचं म्हणणं त्याच्या तोंडात शोभेल असं सांगून दाखवणारा माणूस शोधून पाहा. दोन वर्षांत एवढी एक सवय लागली तरी पदवीचं सार्थक झालं, असं मला वाटतं.

'पोट भरलेल्यांचा विषय' म्हणणाऱ्यांनी बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावं. कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकायला गेले, पण जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या विचारानं त्यांना आयुष्यभर साथ दिली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्म स्वीकारला. जो धम्म स्वीकारायचा, त्याच्याविषयीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र ते सरळ प्रश्न विचारतात: चार आर्यसत्यं ही बुद्धाची मूळ शिकवण आहे का? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे संभवतात? श्रद्धा ठेवतानाही तपासणी सोडायची नाही, हा धडा ज्यांना जगण्यातली प्रत्येक गोष्ट झगडून मिळवावी लागली त्यांनी घालून दिला आहे.

प्रश्नांसाठी तर भिवापूर सोडण्याचीही गरज नाही. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ती भिवापुरी कशामुळं? मातीमुळं, वाणामुळं, की पिकवणाऱ्याच्या हातामुळं? याच मातीत संकरित बियाणं लावलं तर येणारी मिरची कोणती? एखादी वस्तू म्हणजे तिच्यातलं नेमकं काय, हा 'मिलिंदपञ्हा'त नागसेनानं रथाचं उदाहरण घेऊन चघळलेला प्रश्न आहे. इथं त्याला बाजारभावही आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, मोबदला ठरला. पण ज्या जमिनीत आजा-पणजा राबला तिचा मोबदला एकरी दरानं पुरा होतो का? अनेकांच्या ओलितासाठी थोड्यांनी गाव सोडावं, हे कोणत्या न्यायानं? बेंथमचा उपयुक्ततावाद इथं एक उत्तर देतो, जॉन रॉल्सचा 1971 चा न्यायविचार दुसरं. 2012 साली उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य झालं. वाघाला जगण्याचा हक्क आहे असं म्हणताना तो हक्क कोणत्या अर्थानं, आणि त्याची किंमत गुराख्यानंच का मोजावी? हे प्रश्न कार्यालयात अर्ज करून सुटत नाहीत, कारण अर्जात कोणता शब्द लिहायचा हेच आधी ठरायचं असतं: नुकसान, की अन्याय?

मग अडतं कुठं? भाषेत आणि पैशात. पदव्युत्तर पातळीवरची मोलाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. गावाकडून आलेली मुलगी ती उघडते, दोन पानांत दमते आणि झेरॉक्सच्या नोट्सवर येते. नोट्समध्ये निष्कर्ष असतात, युक्तिवाद नसतात. आणि युक्तिवाद गाळलेलं तत्त्वज्ञान निव्वळ पाठांतर उरतं. इंग्रजी शिकायलाच हवी, त्यातून सुटका नाही. पण विचार मराठीत करण्याची सोयही कमी नाही. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली 1974 साली तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' निघाला. अमरावतीत शिकवलेल्या दि. य. देशपांड्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञान स्वच्छ मराठीत आणलं आणि 1990 पासून नागपुरातून 'आजचा सुधारक' चालवला. 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदींनी परंपरागत पंडित आणि आधुनिक प्राध्यापक समोरासमोर बसवले. बर्ट्रांड रसेलचा विचार नैयायिकांपुढं संस्कृतात ठेवला गेला आणि त्यांनी तो तपासला. रसेलला संस्कृतात जाब विचारता येतो, तर मराठीत का नाही?

पैशाचं उत्तरही महाराष्ट्रानं एकदा दिलं होतं. 1916 साली अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथं अभ्यासकांच्या राहण्या-जेवणाची चिंता संस्थेनं वाहिली. साने गुरुजी 1920 च्या दशकात तिथं गेले, पुढं कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ बंगालमधून खानदेशात येऊन राहिला. ज्याला विचार करायला बसवायचं त्याच्या भाकरीची सोय कुणीतरी केली पाहिजे, हे एका व्यापाऱ्याला कळलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्या घराला दोन वर्षांनी पगार लागणारच आहे, तिथल्या मुलीनं दुसरा विषय घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. पण जिला हे प्रश्न सोडत नाहीत आणि जिच्या घरची दोन वर्षं निभतील, तिला 'हा आपला विषय नाही' या कारणानं कुणी अडवू नये. तालुक्याच्या महाविद्यालयांनी बी.ए.ला निदान एक पेपर तत्त्वज्ञानाचा ठेवावा, वाचनालयांनी महाकोशाचे तीन खंड मिळवावेत, आणि ज्यांच्या हातात चार पैसे आहेत त्यांनी दरवर्षी एका विद्यार्थ्याचं नागपुरातलं खोलीभाडं उचलावं. घरच्यांनीही "काय भेटते?" हा प्रश्न जरूर विचारावा. फक्त उत्तर पूर्ण होईपर्यंत तिला मध्येच थांबवू नये.