मत : ऋण, भीती की गवाही?

निवडणूक जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात दोन वाक्ये ऐकू येऊ लागतात. पहिले वाक्य, 'आम्ही तुमच्यासाठी काय केले ते आठवा.' दुसरे वाक्य, 'ते निवडून आले तर तुमचे काय होईल ते आठवा.' पहिल्यात ऋणाची वसुली असते, दुसऱ्यात भीतीची. पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडची असतात. निकाल लागला की 'मुस्लिमांची एकगठ्ठा मते' एवढीच आमची नोंद होते आणि पाच वर्षांसाठी आमचे प्रकरण बंद होते. या धावपळीत एक नैतिक प्रश्न विचारायचा राहून जातो. एखाद्या समाजाने एखाद्या पक्षाशी निष्ठा ठेवावी काय? ठेवली तर कशासाठी आणि किती काळ?

हा प्रश्न केवळ आमचाच नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय दीडशे वर्षे तो वागवीत आले आहेत. गुलामगिरी लिंकन यांच्या काळात संपली, म्हणून त्यांचा रिपब्लिकन पक्ष कृष्णवर्णीयांनी आपला मानला. १८७७ मध्ये सत्तेच्या तडजोडीत याच पक्षाने दक्षिणेतले लष्करी संरक्षण काढून घेतले आणि कालच्या गुलामांना कालच्या मालकांच्या हवाली केले. तरीही जिथे मत देता येत होते तिथे कृष्णवर्णीय मतदार पुढची पन्नास वर्षे लिंकन यांचे ऋण फेडत राहिला. अखेर १९३२ मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर'चे कृष्णवर्णीय संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी आपल्या लोकांना सांगितले की, घरातली लिंकनची तसबीर आता भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते कर्ज पुरते फिटले आहे. पुढे रूझवेल्ट आले, १९६४ मध्ये डेमोक्रॅट जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा केला, आणि त्या कायद्याविरुद्ध मत देणारे गोल्डवॉटर त्याच वर्षी रिपब्लिकनांचे उमेदवार झाले. तेव्हापासून कृष्णवर्णीयांची फार मोठी बहुसंख्या डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर आहे.

म्हणजे एक तसबीर भिंतीकडे वळली आणि दुसरी टांगली गेली. त्याच १९६४ च्या एप्रिलमध्ये, हजला जाण्यापूर्वी, माल्कम एक्स यांनी आपल्या लोकांना बजावले होते की, तुम्ही ज्यांना पहिला क्रमांक देता ते तुम्हाला शेवटचा देतात. मत हे बंदुकीच्या गोळीसारखे आहे, निशाण दिसल्याशिवाय ते खर्चू नये. २०२० च्या मे महिन्यात बायडेन एका रेडिओ मुलाखतीत म्हणाले की, मला मत द्यावे की ट्रम्प यांना हे ज्याला अजून ठरवता येत नाही तो कृष्णवर्णीयच नव्हे. त्यांनी त्याच दिवशी खेद व्यक्त केला. पण ऋण फार काळ फेडत राहिले की सावकार स्वतःला मालक समजू लागतो, हे त्या एका वाक्याने उघडे पडले.

आता आमच्याकडे पाहू. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) च्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल आदी नेते कैदेत होते. मौलाना आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे त्यांनी याच किल्ल्यात लिहिली. फाळणीनंतर, डिसेंबर १९४७ मध्ये लखनौच्या परिषदेत, याच मौलानांनी मुस्लिमांना आपल्या वेगळ्या राजकीय संघटना बंद करून राष्ट्रीय राजकारणात येण्याचा सल्ला दिला. आमच्या निष्ठेचे मूळ तिथे आहे. आम्ही त्याकडे करार म्हणून पाहतो. आम्ही वेगळा दरवाजा बंद करायचा आणि तुम्ही आम्हाला मुख्य दरवाजातून बरोबरीने आत घ्यायचे, असा तो करार. वचन पाळावे ही आमच्या दीनची शिकवण आहे. पण करार दोन्ही बाजूंना बांधतो. एकाच बाजूला बांधते ती वेठ.

दुसऱ्या बाजूने काय केले? १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. १९९९ ते २०१४ अशी सलग पंधरा वर्षे राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. अहवालाची अंमलबजावणी अपुरीच राहिली. सच्चर समितीने २००६ मध्ये आमचे दारिद्र्य आकड्यांत मांडले. राज्याला त्यावर ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश सुचला तो २०१४ च्या जुलैत, विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्यावर. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला हरकत घेतली नाही, तरी अध्यादेशाची मुदत संपली आणि नव्या सरकारने कायदा केला नाही. २०१९ ते २०२२ मध्ये महाविकास आघाडी सत्तेत होती. तेव्हाही तो झाला नाही. २०२४ च्या लोकसभेला राज्याच्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर आघाडीला मुस्लिम उमेदवार दिसला नाही. तरी आमची मते मोठ्या प्रमाणात तिकडेच गेली. १९९३ ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे अशा घरांतूनही 'मशाल' या चिन्हावर शिक्के पडले. काहींना हा विसरभोळेपणा वाटतो. आम्हाला तो हिशेब वाटतो, फक्त त्या हिशेबाची वही कोणासमोर उघडलीच गेली नाही.

निष्ठेचा हा खेळ आमच्या जिल्ह्यात अधिक स्पष्ट दिसतो. इथे पक्ष म्हणजे नुसता झेंडा नसतो. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, शिक्षणसंस्था, दवाखाना असे त्याचे रूप असते. मुलाचा प्रवेश, मुलीची नोकरी, उसाची नोंद यांतून उपकार जमत जातात. आणि नेते? बाळासाहेब विखे पाटील काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, वाजपेयी मंत्रिमंडळात बसले आणि २००४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. राधाकृष्ण विखे पाटील विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते, २०१९ मध्ये भाजपमध्ये जाऊन मंत्री झाले. यात कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही; पक्ष बदलण्याचा हक्क त्यांना आहे. प्रश्न एवढाच की, नेत्याने पक्ष बदलला तर ते राजकारण ठरते आणि मोहल्ल्यातल्या माणसाने नुसता वेगळा विचार बोलून दाखवला तर ती कौमशी गद्दारी कशी ठरते?

मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या उलेमांनी मताला तीन नावे दिली आहेत : शहादत, शिफारस आणि वकालत. या तीन शब्दांत आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

शहादत म्हणजे गवाही. हा माणूस या कामाला लायक आहे, अशी आपण साक्ष देतो. आता उपकार फेडायला दिलेली साक्ष कोणत्या काझीपुढे टिकेल? आणि धाक दाखवून घेतलेली साक्ष कोण खरी मानील? साक्ष आजच्या माणसाबद्दल असते, त्याच्या आजोबांच्या पुण्याईबद्दल नसते. शिवाय साक्ष ज्याची त्यानेच द्यायची असते. मोहल्ल्यातला कोणी पुढारी कब्रस्तानच्या भिंतीच्या बदल्यात चारशे मतांचा शब्द देऊन येतो, तेव्हा तो चारशे माणसांच्या वतीने साक्ष विकून येतो. घरातल्या बाईचे बटण कोणते हे घरातला पुरुष ठरवतो, तेव्हाही तेच घडते. आम्हाला व्होट बँक म्हणतात याचा राग आम्हाला येतो आणि तो रास्तही आहे. पण या बँकेचे दारातले रोखपाल आपल्यातलेच असतात.

इथे एक आक्षेप निघेल. भीती खरी असेल तर? घराला आग लागली असता जो दरवाजा उघडा दिसेल त्यातून माणूस पळतो, त्याला भित्रा कोण म्हणेल? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. एकत्र मत देणे आंधळेपणाचे आहे, असेही आम्ही मानत नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांनी २०२० मध्ये बायडेन यांना उचलून धरले, ते ट्रम्प यांना कोण हरवू शकेल याचा विचार करून. एखादी मोठी जात एकदिलाने मत देते तेव्हा तिला जनमताचा कौल म्हणतात आणि आम्ही दिले की गठ्ठा म्हणतात, हा दुजाभावही आम्ही ओळखतो. पण भीतीला मतदानाचा एक दिवस द्यावा लागला म्हणून पुढची पाच वर्षे तिच्या स्वाधीन करायची नसतात.

ती पाच वर्षे उरलेल्या दोन शब्दांची आहेत. ज्याची शिफारस केली त्याच्या वागण्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावरही येते. म्हणून निवडून आलेल्याला जाब विचारणे हा आमच्या मर्जीचा भाग नसून आमच्यावरचे कर्तव्य आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना मज्जाव करणारा ठराव केला. प्रशासनाने तो मानला नाही. पण पिढ्यान्पिढ्या त्या यात्रेत बांगड्या, खेळणी, मिठाई विकणाऱ्यांच्या पोटावर तो ठराव होता. आपण ज्यांना मते दिली त्यांच्यापैकी त्या वेळी कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, याची नोंद किती घरांत आहे? इफ्तारला कोण आले होते, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

वकालतीचेही तसेच. वकील नीट लढत नसेल तर बदलता येतो, पण आधी त्याच्या हातात कागद द्यावे लागतात. शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी संघटनेने ते केले. त्यांनी मुस्लिम खतरे में अशी हाक दिली नाही. पिंजारी, बागवान, मोमीन यांसारख्या कारागीर जमातींना इतर ओबीसींसारखे दाखले मिळावेत, ही मोजता येईल अशी मागणी केली. १९९४ मध्ये राज्य सरकारला तसा निर्णय घ्यावा लागला. त्या दाखल्यांवर शिकलेली मुले आज आमच्यात आहेत.

तेव्हा पुढच्या खेपेला जो कोणी उपकार आठवायला सांगेल त्याला आपण चहा पाजावा आणि श्रीकृष्ण आयोग, शिक्षणातले ५ टक्के आणि मढी या तीन गोष्टींबद्दल विचारावे. उत्तरे लिहून घ्यावीत. मत त्यालाच द्यावे लागेल, असेही होईल. पण ते दिल्यावर तो कागद फाडू नये. पाच वर्षांनी त्याच्यापुढे ठेवायला तो जपून ठेवावा.