पाठीला पाठ

परमेश्वरा, एलूल लागला. या महिन्यात तू शेतात उतरतोस म्हणतात. मग इकडेही ये. सिहोऱ्याला ये.

ल्यादीचे रब्बी श्नेऊर झाल्मान दोनशे वर्षांपूर्वी तुझ्याबद्दल असं सांगून गेले. नव्या वर्षाला तू सिंहासनावर बसतोस. तिथे पहारे असतात, पायरी असते, आणि लायकी नसलेल्याला आत सोडत नाहीत. पण त्याआधीचा हा महिनाभर तू गावाबाहेर शेतात असतोस. कुणीही यावं, असेल तसं यावं, तू हसून बोलतोस. त्यांच्या डोळ्यांपुढे कुठलं शेत होतं कोण जाणे. बर्फाच्या मुलखातले ते. माझ्यापुढे धानाच्या बांध्या आहेत. रोवणी कधीच उरकली, हलकं धान आता पोटरीत आलंय, आणि चांदपूरच्या तलावाचं पाणी पाटातून कधी सुटतं याची वाट बघत माणसं धुऱ्यावर उभी असतात. चिखल फार आहे, देवा. पायताण हातात घेऊन ये.

मला आवरून यायला सांगू नकोस. मी अशीच येते.

पहाटे चारला उठते आणि सेलिहोतचं, क्षमा मागण्याच्या प्रार्थनांचं, पुस्तक उघडते. माझ्या माहेरी, अलिबागकडे, एलूलचा महिनाभर पुरुष अंधारात कंदील घेऊन मशिदीत जायचे. आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणत आलो. इथे मशीद नाही, कंदील नाही आणि दहा माणसंही नाहीत. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही, तुझे तेरा दयागुण प्रार्थना म्हणून उच्चारता येत नाहीत. आणि मी तर बाई. मी जाऊन बसले तरी नवाचे दहा होत नाहीत. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले, नोकरी संपली, पुढे तोही गेला, मी राहिले. एकट्याने ते तेरा गुण म्हणायचेच असतील तर तोरा वाचण्याच्या सुरात, वाचन म्हणून म्हणावेत, एवढी मोकळीक शास्त्राने ठेवली आहे. त्या मोकळिकीत मी उभी राहते. मागणं म्हणून नाही, देवा, नुसती वाचते. तू ऐकायचं ते ऐकून घे.

मोजणीत नसलेल्यांचं ऐक. बांधीतल्या बायांचं ऐक, ज्यांची रोवणी होते आणि सातबारावर नाव नसतं. माझं ऐक.

तुझे आभार कुठून मानायला घेऊ? माझ्या वाडवडिलांपासून घेते. कोकणात घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पोथ्या हरवल्या, भाषा हरवली, महिन्यांची नावंसुद्धा विसरली. एक शमाची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. बाळ जन्मलं तरी शमा, माणूस गेला तरी शमा. आणि तुझे सण त्यांनी मराठीत सांभाळले. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. यॉम किप्पुरला दारफळणीचा सण म्हणायचे, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून दारं लावून घरात बसायचे, परक्याला शिवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडून दानधर्म आणि भेटीगाठी. एलूलच्या उपासांना तर एके काळी रमजान म्हणत. शेजाऱ्याकडून शब्द उसना घेतला आणि उपास तुझा केला. तू रागावला नाहीस. मुंबईत शमुवेल दिवेकरांनी 1796 साली पहिली मशीद बांधली, जिला पुढे दयेच्या दाराचं नाव मिळालं, तोवर ही माणसं दाराशिवायच तुझ्याकडे येत होती. तू त्यांना घेतलंस. त्या घेण्यात मलाही धर.

इथल्या माणसांबद्दलही आभार. माझा शनिवार गल्लीला पाठ झाला आहे, त्या दिवशी कुणी मला कामाचं सांगत नाही. 2025 साली 22 सप्टेंबरला सकाळी गावात घट बसले आणि त्याच संध्याकाळी आमचं नवं वर्ष 5786 लागलं. समोरच्या घरी परडीत काळी माती घालून धान्य पेरत होते आणि मी चिकाचा हलवा ढवळत होते. गहू भिजवून वाटून त्याचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखरेबरोबर तो आटवायचा, हात थांबला की गुठळी झालीच. इथे नारळ महाग, तरी मिळाला. तेही तुझंच.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. तुला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐक.

सफेद गावचे इसहाक लुरिया, ज्यांना आमच्यात आरी म्हणतात, त्यांनी शिकवलं की आरंभी आदाम आणि हव्वा पाठीला पाठ लागून होते. एकमेकांना चिकटलेले, पण कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. तू त्यांना करवतीने वेगळं केलंस. वेगळं केल्यावरच ते वळू शकले, समोरासमोर आले. वरच्या विश्वांतही हेच घडतं म्हणतात. नव्या वर्षापासून ते वेगळं होणं सुरू होतं, आणि त्या रात्री सगळ्या सृष्टीचं चैतन्य मुळाकडे परत जातं. शोफरचं शिंग वाजेपर्यंत जग नुसतं तरंगत असतं. हे सगळं मला पूर्ण कळतं असं नाही. पण पाठीला पाठ मला कळतं.

माझ्या घराची मागची भिंत आणि शेजारणीच्या घराची मागची भिंत एकच आहे. तिचं भांडं पडलं तर मला ऐकू येतं, माझा खोकला तिला. बोअरच्या पाण्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मी तिच्या मेलेल्या माणसाचं नाव मधे आणलं. ते नाव काढायला नको होतं. तेव्हापासून एका भिंतीला दोघी टेकून राहतो आणि एकमेकींचं तोंड बघत नाही. देवा, मी तुझ्याशीही तशीच राहिले आहे. तुला टेकलेली होते. पाहत नव्हते.

तोंड वळव, देवा. तुझं नव्हे, माझं.

सफेदचेच मोशे कोर्दोवेरो तुझे तेरा गुण माणसाने कसे अंगी आणावेत ते लिहून गेले, तोमेर देवोरा नावाच्या लहानशा पुस्तकात. तिथला पहिलाच गुण वाचला आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. माणूस वाईट करतो त्या घडीलाही त्याच्या हातात बळ असतं ते तूच पुरवतोस. हात आखडता घेऊ शकला असतास, घेत नाहीस. अपमान सोसतोस आणि देत राहतोस. म्हणजे मी तिला ते बोलले तेव्हा श्वास तुझा होता. माझी जीभ टाळ्याला लागली ती तुझ्या बळावर. तू तेवढ्यात माझा घसा बंद करू शकला असतास. तू पुरवत राहिलास. देवा, एवढं पुरवू नकोस रे, असं म्हणावंसं वाटतं, आणि लगेच भीती वाटते की तू खरंच ऐकशील.

नको ऐकूस ते. पुरवत राहा.

आणि तुझ्या त्या गुणाचा कण मलाही दे. ती मला जे बोलली तेही मला सोसू दे. तिचं बोलणं चुकीचं होतं असं अजून माझ्या मनात आहे. ते काढून टाक म्हणत नाही, पण ते असूनही मला तिच्याकडे जाता येऊ दे.

एलूलच्या 25व्या दिवशी तू प्रकाश केलास आणि सहाव्या दिवशी, म्हणजे नव्या वर्षाला, माणूस केलास, असं आमच्यात धरतात. म्हणजे त्या 25व्या दिवशी बावनथडी नदीलाही पाणी नव्हतं, धानही नव्हतं, ती नव्हती, मी नव्हते. तू आम्हाला परत करणार असशील तर यंदा जरा नीट कर. माझी जीभ आखूड कर. कान मोठे कर.

इस्रायलातल्या अश्दोदहून मुलगा शोफरचा आवाज मोबाईलवर पाठवतो. नव्या वर्षाच्या दिवशी तसला आवाज चालत नाही, हे मला माहीत आहे. पण आत्ता एलूल आहे, आत्ता ऐकते. मुलाला सुखरूप ठेव. तिकडच्या सगळ्यांच्या मुलांना सुखरूप ठेव, भिंतीच्या या बाजूच्या आणि त्या बाजूच्या.

धानावर मावा-तुडतुडा येऊ देऊ नकोस. पाऊस दे, पण दाणा भरताना आडवा करील असा नको. ज्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे त्याला झोप दे. माझे गुडघे आहेत तसेच राहू देत, याहून वाईट नकोत. इतकं मागते, लाज वाटते, तरी मागते. शेतात उतरलेल्याजवळ नाही मागायचं तर कुणाजवळ?

आणि जे मूळ मागणं ते हे. माणसाने माणसाचा केलेला अपराध यॉम किप्पुरही धुऊन काढत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, असं आमचा शास्त्रग्रंथ मिश्ना सांगतो. तेव्हा तुझ्यापुढे कितीही पहाटे उठले तरी ही एक गोष्ट तू माझ्यासाठी करणार नाहीस. मलाच भिंत सोडून, गल्लीला वळसा घालून तिच्या समोरच्या दारात जायला हवं. हलव्याची ताटली घेऊन गेले तर त्या ताटलीच्या आड लपेन. रिकाम्या हाताने जायचं बळ दे. तिने दार लावून घेतलं तर पुन्हा जायचं बळ दे.

आज रोजंदारी संपल्यावर ती पाचला परत येते. तेव्हा तिच्याकडे पाहुणे नसू देत.