निर्णय कोणाचा?

घरातल्या एखाद्या बाईला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळते, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते, "डॉक्टर म्हणतील तसे." आपण सर्वांनी कधी ना कधी ते म्हटले आहे. त्यात विश्वास असतो आणि, खरे सांगायचे तर, थोडी सुटकाही असते. पण डॉक्टर काय म्हणणार, हे आपण राहतो त्या गावावर ठरत असेल तर?

अमेरिकेत तसे घडल्याची नोंद आहे. डार्टमथ येथील डॉ. जॉन वेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी भागवार मांडून पाहिल्या. १९९२-९३ साली ओहायोतील एलिरिया भागात या रोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींची केवळ गाठ काढून स्तन वाचवला गेला. साउथ डकोटातील रॅपिड सिटी भागात हे प्रमाण दीड टक्कासुद्धा नव्हते. रोग तोच, विमाही तोच! तिथले डॉक्टर वाईट होते असे नव्हे. जो जसा शिकला आणि आजूबाजूचे जसे करतात, तसे तो करतो.

याला शास्त्राचा आधार असता तर गोष्ट वेगळी. परंतु मिलानचे डॉ. उंबेर्तो वेरोनेसी आणि पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात चाचण्या सुरू केल्या. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल, तर गाठ काढून रेडिएशन घेतले काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, जगण्याची शक्यता सारखीच, असे त्यांत दिसले. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००२ साली, निष्कर्ष तोच राहिला. मग हा प्रश्न एकट्या डॉक्टरचा कसा? त्या बाईला काय जपायचे आहे, कशाची भीती वाटते, हे कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

मॅसॅच्युसेट्सने १९७९ साली कायदाच केला की, रुग्णाला सर्व पर्यायांची माहिती मिळाली पाहिजे. इतर राज्येही मागोमाग आली. पुढे आकडे तपासले, तर फरक थोडाच पडला होता आणि तोही टिकला नाही. नुसते सांगून भागत नाही. रेडिएशन म्हणजे तेव्हा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. केंद्र शंभर मैलांवर असेल, तर शेतावरची बाई म्हणणारच, "काढूनच टाका." तिला आपण चूक म्हणू शकत नाही. १९८७ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनीही पूर्ण शस्त्रक्रियाच निवडली आणि त्यांच्यावर टीका झाली. ती टीका आम्हांला पटत नाही. दोन्ही वाटा त्यांना खुल्या होत्या, निवड त्यांची होती. शेतावरच्या त्या बाईला मात्र दुसरी वाट होती, असे म्हणायचे का?

आता रेडिएशन पुष्कळदा तीन आठवड्यांत संपते. आणि दूरगावच्या रुग्णांना उपचारांपुरते मोफत राहता यावे म्हणून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९७० सालीच चार्ल्सटन शहरात पहिले 'होप लॉज' उघडले होते.